नकाशात पाडा नसेल, तर उद्याच्या शहरातही नसेल
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे शहर. कुणी म्हणेल, जमिनीच्या लढाईत शहर कुठून आलं? आपली भांडणं वनखात्याशी, सावकाराशी, धरणाशी. पण आता शहरच आपल्या बांधापर्यंत चालत आलं आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती करायचं सरकारनं ठरवलं. विक्रमगड, मोखाडा, तलासरी, मग वाडा. काल ग्रामपंचायत होती, आज पाटी बदलली. पाटीबरोबर आणखी काय काय बदललं, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट ग्रामसभेची. पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. आदिवासीची जमीन हातातून जाऊ न देणं, बेकायदा गेलेली परत मिळवणं, यासाठी ग्रामसभेला आणि पंचायतीला अधिकार असले पाहिजेत, असं तो सांगतो. भूसंपादनाआधी आपल्याला विचारलं पाहिजे, असंही सांगतो. पण पेसा आहे पंचायतींसाठी. नगरपंचायत झाली की तो लागू नाही असं आपल्याला सांगितलं जातं. काल सगळा गाव बसून ठराव करत होता, आज १७ नगरसेवक करतात.

बरं, संविधानाचं कलम २४३-झेडसी काय म्हणतं? नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नाही. संसदेनं वेगळा कायदा करून, योग्य ते बदल करून तो लागू करायचा. त्यासाठी २००१ मध्ये विधेयक आलं. कायदा आजवर झालेला नाही. मग पेसाही नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही नाही, अशा पोकळीत आपल्या पाड्यांना का ढकललं? हा प्रश्न आपण प्रत्येक निवेदनात विचारायचा.

दुसरी गोष्ट, आणि आजची मुख्य गोष्ट, विकास आराखड्याची. शहर झालं की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे आराखडा करावा लागतो. पुढच्या वीसेक वर्षांत घरं कुठं, बाजार कुठं, रस्ता कुठं, शाळा कुठं, कचरा कुठं, हे त्यात रंगवतात. पिवळा रंग घरांचा, हिरवा शेतीचा. दलाल पाड्यात येऊन म्हणतो ना, "काका, तुमची जमीन यलोमध्ये आली," ते हेच.

पण रंग भरायच्या आधी एक नकाशा होतो. त्याला म्हणतात सध्याच्या जमीनवापराचा नकाशा. आज कुठं काय आहे, ते त्यात दाखवायचं असतं. आपला घात होतो तो इथं. महसुली कागदात वस्ती म्हणजे गावठाण. आपले पाडे किती गावठाणात आहेत? कुणी वरकस जमिनीत, कुणी गुरचरणात, कुणी वनजमिनीत. तीन पिढ्या राहिलो, पण कागदावर जागा मोकळी. आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर आरक्षण टाकणं सगळ्यात सोपं. डंपिंग, बगीचा, बस डेपो, साठ फुटी रस्ता. आराखडा करणाऱ्याला पाडा पुसावा लागत नाही. तो मुळात काढलेलाच नसतो. दहा वर्षांनी नोटीस येते तेव्हा आपण अतिक्रमणवाले ठरतो.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला नवीन घरं नकोतच. असं नाही. घरं हवीत. नर्सबाईला, शिक्षकाला राहायला खोली हवी. आपली शिकलेली मुलं तालुक्याला नोकरीला येतात, त्यांना हवी. वीटभट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबाला पक्कं छप्पर हवं. पण ती घरं कुणासाठी बांधणार, कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या पाण्यावर, हे आपल्याला विचारून ठरलं पाहिजे. सूर्या नदीवरचं धामणी धरण शेतीला पाणी देणार म्हणून बांधलं. बुडालं कोण, ते आपल्याला ठाऊक आहे. आज सूर्येचं पाणी वसई-विरारच्या नळाला जातं. शहर वाढलं की त्याची तहान कुठवर पोचते, याचा यापेक्षा मोठा धडा कोणता?

तर करायचं काय? चार कामं सांगतो, वहीत लिहून घ्या.

एक. आपला नकाशा आपण काढायचा, आणि नगररचनेचा माणूस मोजणीला येण्याआधी काढायचा. पाड्यातली घरं, विहीर, झरा, पायवाट, खळं, भाताची खाचरं, गुरांची जागा, गावदेवीचं आणि वाघोबाचं ठाणं, मसणवट. बायांना विचारा, पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा त्यांना जास्त ठाऊक. हा नकाशा सह्या-अंगठ्यांसह नगरपंचायतीत द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर काम झालं नाही असं समजा.

दोन. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला मुदत आहे ३० दिवसांची. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. पाड्यात दवंडी देत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रभागात दोघांनी दर आठवड्याला नगरपंचायतीचा फलक बघायचा. हरकत घराघराची वेगवेगळी द्या, सर्व्हे नंबर लिहा, आणि सुनावणीला स्वतः जा. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका. पाडा निवासी दाखवा, त्याचं आरक्षण काढा, बेघरांसाठी घरांची जागा धरा, असं मागा.

तीन. जमीन पिवळ्यात आली म्हणून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला मोकळी होत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ शहरातही आहे. विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय चालत नाही. वनपट्टा तर विकताच येत नाही. तो वारसाला जातो. म्हणून साठेकरार, कुलमुखत्यारपत्र असल्या कशावरही सही नाही, अंगठा नाही. दलालानं चहा पाजला तर चहा प्या, कागद परत द्या.

चार. ग्रामसभा कागदावर गेली असेल, पण आपण बसायचं थांबवायचं नाही. दर महिन्याला पाडासभा घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, ठराव नगरपंचायतीला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्यपालांना पाठवायचा. राज्यपालांना का? पाचव्या अनुसूचीनं त्यांच्यावर खास जबाबदारी टाकली आहे. पाटी बदलली तरी अनुसूचित क्षेत्र बदललेलं नाही.

साथींनो, जंगलाच्या लढाईत आपण एक शिकलो. कसत होतो सगळेच. पण दाव्याला पुरावा ज्यानं जोडला, त्याचं बोलणं ऐकावं लागलं. शहराच्या लढाईतही तसंच आहे. शहर वाढेल, ते आपण थांबवू म्हटलं तरी थांबणार नाही. पण त्याच्या नकाशात आपण माणसं म्हणून दिसायचं, की मोकळी जागा म्हणून, हे पुढच्या काही महिन्यांत ठरतंय. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं आपला नकाशा घेऊन यायचं. कच्चा असला तरी चालेल, वहीच्या पानावर काढला तरी चालेल. पण हात हलवत कुणी येऊ नका.

जोहार. जिंदाबाद.