कमान, ठेव आणि महिन्याचे दोनशे रुपये
(स्नेहमेळाव्यात शाळेच्या निधीविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)

सन्माननीय व्यासपीठ, आम्हाला घडवणारे सर्व सर आणि बाई, शाळेचे आजचे मुख्याध्यापक, आणि दहावी १९९६ च्या माझ्या सगळ्या मित्र-मैत्रिणींनो,



संयोजन समितीनं माझ्याकडे दोन कामं दिली आहेत. शाळेची खबरबात सांगायची आणि निधीचं काय करायचं ते मांडायचं. आठवणी सांगायला आपल्याकडे माझ्यापेक्षा सरस माणसं आहेत, त्यांची भाषणं दुपारी आहेतच. मी हिशेबाचं बोलते. आतापर्यंत कुणी किती दिले याची यादी दारापाशी लावलेली नाही. एकूण किती जमले आणि किती खर्च झाले, एवढंच तिथे लावलं आहे. नावांची यादी का नाही, ते पुढे सांगते.

आधी खबरबात. शाळेच्या जुन्या इमारतीवरचे पत्रे बदलून झाले. पाण्याची टाकी बसली. मुलींची स्वच्छतागृहं नवी झाली आणि तिथे पाणी येतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या वेळी काय होतं ते इथल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. संगणक कक्षात संगणक आहेत, पण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या संपल्यात, त्यामुळे वीज गेली की तास संपला. प्रयोगशाळेत काचेचं सामान आहे, रसायनं दरवर्षी संपतात. वाचनालयाला खोली आहे, पण संध्याकाळी ती उघडी ठेवायला माणूस नाही.

ही यादी नीट ऐकली तर एक गोष्ट लक्षात येईल. एकदाच करायची जी कामं होती, ती बहुतेक झाली आहेत. आता अडतंय ते दरवर्षी, दर महिन्याला लागणाऱ्या पैशावर. मी गेली वीसहून जास्त वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या धंद्यात नवीन प्रणाली उभी करायला सगळे पुढे येतात, उद्घाटनाला केकही कापतात. ती पुढे दहा वर्षं चालती ठेवायला माणूस आणि पैसा लागतो, त्याबद्दल कुणी भाषण करत नाही. खरा खर्च मात्र तिथेच असतो. शाळेचंही तसंच आहे.

आता मुद्द्यावर येते. आपल्या तुकडीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, शाळेच्या दारात दगडी कमान बांधावी, तिच्यावर तुकडीचं नाव यावं. दुसरा, त्याच पैशातून आणि पुढे दर महिन्याच्या वर्गणीतून बारावीनंतर बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुला-मुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करावी. कमान मागणाऱ्यांची बाजू हलकी नाही. कमान दिसते. पैसे कुठे गेले हे कुणाला विचारावं लागत नाही. ती बघून पुढच्या तुकड्यांनाही द्यावंसं वाटेल. आणि आपल्यातले कितीतरी जण असे आहेत, ज्यांचं नाव गावात कधी कुठल्या पाटीवर लागलेलं नाही. तशी इच्छा असणं यात गैर काहीच नाही. तरीही मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूनं बोलायला उभी आहे.

आपल्या भागाला शिक्षणासाठी पैसा गोळा करण्याचा मोठा वारसा आहे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. पण कॉलेज सुरू झालं म्हणून खेड्यातलं पोर तिथे पोचत नव्हतं, कारण मधे राहायचा आणि जेवायचा प्रश्न होता. भाऊरावांना तो प्रश्न आधी दिसला. ते स्वतः कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकले होते. आणि शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून १९२४ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत.

ते चालवायला पैसा कुठून आला? घराघरातून मूठ मूठ धान्य आलं. मुलं स्वतः राबली. त्यातूनच 'कमवा आणि शिका' ही योजना उभी राहिली. आणि ज्या दिवशी काहीच उरलं नाही, त्या दिवशी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ते सोनं भिंतीत नाही गेलं, पोरांच्या ताटात गेलं. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्या पंगतीत जेवलेल्या मुलांनी पुढे गावोगावी शाळा चालवल्या.

१९४७ साली संस्थेनं साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. मोठी देणगी देतो, पण कॉलेजचं नाव बदला, असं एक देणगीदार म्हणाले आणि भाऊरावांनी ती देणगी नाकारली, अशी आठवण आजही सांगितली जाते. नावासाठी दिलेला पैसा वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. त्याच १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. १९५५ पासून त्याला वालचंद हिराचंदांचं नाव आहे, आणि त्या नावाच्या छायेत हजारो इंजिनिअर झाले. माझं म्हणणं एवढंच, की नाव लागलं तरी कॉलेज चालू राहिलं पाहिजे. नुसती कमान शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट. गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांत भाऊराव सरकारच्या विरोधात बोलले आणि संस्थेचं सरकारी अनुदान बंद झालं. पुढे गाडगे महाराजांच्या मध्यस्थीनं ते परत सुरू झालं. मधल्या काळात संस्था टिकली ती लोकांच्या लहान लहान मदतीवर. देणारा एकच असला तर त्याचा हात आखडला की सगळं थांबतं. देणारे पुष्कळ असले तर एकदोन मागे सरले तरी चालतं.

आता लांबचं उदाहरण. २०२३ साली नंदन निलेकणींनी मुंबई आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. ते तिथे शिकायला आले त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षाच्या शेवटी तिथल्या १९९८ च्या तुकडीनं पंचवीस वर्षांनिमित्त मिळून ५७ कोटी जाहीर केले. असले आकडे ऐकले की आपल्याला वाटतं, आपलं काय घेऊन बसलात! पण त्यातून घ्यायचं ते रकमेपलीकडचं आहे. तिथे तुकडी म्हणून देण्याची रीत पडली आहे. अमुक वर्षं झाली की द्यायचं, हे आधीच्या तुकडीनं केलेलं असतं, म्हणून पुढची करते. जतला अशी रीत आपण पाडू शकतो.

रकमेचंही बघू. समजा आपण दहा लाखांची ठेव ठेवली आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ७० हजार मिळतील. आता दुसरं गणित. आपल्यातल्या साठ जणांनी महिन्याला २०० रुपये दिले, तर महिन्याचे १२ हजार आणि वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. एवढं व्याज हवं असेल तर वीस लाखांच्या वर ठेव लागेल. वीस लाख एकरकमी आपल्याकडे नाहीत. महिन्याचे दोनशे मात्र इथल्या बहुतेकांना झेपतील. ज्याला तेही जड आहे, त्यानं पन्नास द्यावेत किंवा देऊ नयेत. कुणी विचारणार नाही.

हे पैसे कशाला लागतात, ते सांगते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फीसुद्धा सरकार भरतं. चांगली गोष्ट आहे. गावातच राजे रामराव महाविद्यालय आहे, त्यामुळे कला-शास्त्र शिकायला गाव सोडावं लागत नाही. पण इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जायचं तर सांगली गाठायची, आणि सांगली इथून ऐंशीएक किलोमीटर. रोज जाऊन-येऊन होत नाही. मग खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, प्रवेशाच्या फेऱ्यांसाठी येणं-जाणं, आणि आता लॅपटॉप. फी माफ झालेली मुलगी या पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चापाशी अडते. ज्यांचे आई-बाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याला जातात, त्यांच्या घरी तर जून-जुलैत हातात पैसा नसतोच. उचल मिळते ती नंतर.

मी हे ऐकीव सांगत नाही. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मेसचे पहिले तीन महिन्यांचे पैसे आपल्या शाळेतल्या एका बाईंनी भरले. घरी सांगितलं, "पोरगी शिकली की फेडेल." फेडायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मला नको, पुढच्या पोरीला दे." त्या आज समोर बसल्या आहेत. नाव घेतलंस तर उठून जाईन, अशी त्यांनी सकाळीच तंबी दिली आहे. देणाऱ्यांची यादी दारावर का नाही, त्याचं उत्तर हे.

दुसरी गोष्ट मी जिची आहे तिची परवानगी घेऊन सांगते. आपल्याच वर्गात एक मुलगी होती. घरी कन्नड बोलायची, शाळेत मराठीतून शिकायची आणि गणितात माझ्या पुढे असायची. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिच्या घरी मेसचे पैसे भरायला कुणी आलं नाही आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. तिचा संसार चांगला आहे, द्राक्षबाग आहे, हिशेब तीच बघते. मला तिची कीव करायची नाही, तिलाही ते चालणार नाही. पण काल रात्री ती मला म्हणाली, "तुझ्यात आणि माझ्यात तीन महिन्यांच्या जेवणाचं अंतर होतं बघ." तिची मुलगी आता अकरावी सायन्सला आहे. तिला आपल्या निधीची गरज लागणार नाही. तरी वर्गणीच्या कागदावर पहिली सही या मैत्रिणीनं केली आहे.

आता नियम. समितीनं मांडलेत, मी वाचते.

एक. मदत कुणाला द्यायची हे शाळेतले शिक्षक ठरवतील, आपण नाही. घर कुणाचं कसं आहे ते त्यांना माहीत असतं. आपल्या भावकीतलं नाव पुढे करायचं नाही.

दोन. मदत घेणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो काढायचा नाही, स्टेजवर बोलवायचं नाही, धनादेश हातात देऊन टाळ्या वाजवायच्या नाहीत.

तीन. पैसे शाळेच्या संस्थेच्या बँक खात्यातच जातील, कुणाच्या खासगी खात्यात नाही. संस्थेकडे ८०-जी ची नोंदणी आहे. जुन्या करपद्धतीत असाल तर सवलत मिळेल, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही, म्हणून खात्यातूनच द्या.

चार. परदेशातल्या मित्रांसाठी. भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत देता येतं. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा कायद्यानं परकीय देणगी ठरतो, आणि एफसीआरए नोंदणीशिवाय शाळेला तो घेता येत नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांच्याकडे आपण वेळ मागतोय. महिन्यातून दोन शनिवार, संगणकावरून बारावीच्या मुलांचं गणित-इंग्रजी. बॅटऱ्या या महिन्यात बदलून होतील.

पाच. दरवर्षी जूनमध्ये हिशेब शाळेच्या फलकावर लागेल आणि आपल्या ग्रुपवरही येईल. खर्च झाला नाही तर तोही लिहून येईल.

कमानवाल्या मित्रांना एक विनंती. तीन वर्षं हा निधी चालवून बघू. चौथ्या वर्षी पुन्हा बसू. तेव्हाही कमान हवीशी वाटली तर दगड आणायला मी तुमच्याबरोबर येईन, आणि माझा वाटा वेगळा देईन. आज मात्र या पैशाला हात लावू नये, कारण प्रवेशाच्या फेऱ्या जूनमध्ये सुरू होतील आणि यंदा किमान चार-पाच मुलं-मुली अशी आहेत, ज्यांची नावं शिक्षकांच्या डोळ्यांसमोर आहेत. ती आपल्यासाठी चार वर्षं थांबू शकत नाहीत.

जेवणाच्या आधी हात वर करून मतं घ्यायची आहेत. त्यानंतर दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलेत. नाव, बँक, महिन्याची रक्कम आणि सही, एवढंच भरायचं आहे. पेन मी आणलेत, परत ठेवा.

बाईंना आणि सरांना नमस्कार करते आणि थांबते.