नवे ब्रेक लागत कां नाहींत?

झिजलेल्या ब्रेकांनीं मोटार थांबत नाहीं, यांत नवल कांहींच नाहीं. दाम मोजून नवे भाग बसवावे आणि गॅरेजच्या फाटकाबाहेर पडतांच ब्रेक पूर्वीपेक्षांहि लुळे झाल्याचें ध्यानांत यावें, हें मात्र बुचकळ्यांत टाकणारें आहे. एका पावसाळ्याच्या अखेरीस हा अनुभव मला आला. दोन दिवसांनीं पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरावयाचें होतें, आणि बरोबर माझी वृद्ध आई असावयाची होती; उतार लागला कीं पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरून बसण्याची तिला संवय आहे. पुढच्या चाकांचे कॅलिपर गंजून अडकत होते, म्हणून ते, त्यांतील पॅड आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकत्या असें सर्वच नवें घेतलें. काम झाल्यावर ब्रेकवर पाय ठेवला, तों पेडल ओल्या गादीसारखें खालीं गेलें. मिस्त्री म्हणाला, "नवं सामान आहे, साहेब. चार-दोन दिवसांत बसेल."

हें वाक्य अर्धें खरें आहे, आणि म्हणूनच घातक आहे. नव्या ब्रेकांतील कांहीं उणिवा गाडी चालवितां चालवितां नाहींशा होतात. कांहीं कितीहि चालविली तरी जात नाहींत, उलट एखाद्या दिवशीं जिवावर बेततात. आपली उणीव यांपैकीं कोणती, हें पुष्कळदां पायाखालचें पेडलच सांगतें. चाकें पुन्हां उघडण्यापूर्वीं त्याची साक्ष घ्यावी.

पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत सांगितलेला नियम असा, कीं बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो. याच नियमावर आपल्या मोटारींचे ब्रेक चालतात. १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीला चारहि चाकांवर असे ब्रेक लावलेले होते, आणि तत्त्व आजहि तेंच आहे. पाय पेडल दाबतो, पेडल मास्टर सिलिंडरांतील ब्रेक ऑइल ढकलतें, आणि तें नळ्यांतून जाऊन चाकाजवळचा दट्ट्या पुढें लोटतें. द्रव जवळजवळ दबत नाहीं, हवा दबते. नळींत हवेचा बुडबुडा राहिला कीं पायाचें बळ तो बुडबुडा चेपण्यांतच खर्ची पडतें. म्हणून पेडल मऊ, स्प्रिंगसारखें लागलें, तर तेथें हवा आहे असें समजावें. ही उणीव चार दिवसांनीं काय, चार वर्षांनींहि 'बसत' नाहीं.

हें आमच्या मिस्त्रीलाहि ठाऊक होतें. त्यानें तीनदां हवा काढली. नळींतून स्वच्छ ऑइल, बुडबुड्यांशिवाय, येऊं लागलें. पेडल मात्र तसेंच मऊ. शेवटीं मीं चाकाशेजारीं बसून नीट पाहिलें, तों हवा काढण्याचें निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसविला गेला होता. ते दिसतात जुळ्या भावांसारखे, आणि बसतातहि बिनबोभाट. पण हवा नेहमीं वर चढते. निपल खालीं असलें तर खालून ऑइल निघत राहतें आणि हवा माथ्यावर सुखानें बसून राहते. कॅलिपर बदलून घेतले, आणि अर्ध्या तासांत पेडल दगडासारखें झालें. ज्यांच्या गाडीला चाकें घसरूं न देणारी एबीएस योजना आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हवा त्या यंत्राच्या पोटांत शिरली, तर कांहीं गाड्यांत ती काढण्यास संगणकी उपकरण जोडावें लागतें. नुसत्या पान्यानें भागत नाहीं.

पेडल मऊ नसून केवळ खोल जात असेल, आणि लागोपाठ दुसऱ्यांदां दाबतांच वर येऊन घट्ट लागत असेल, तर हवेवर आळ घेऊं नये. पुष्कळ लहान गाड्यांच्या मागच्या चाकांना अजूनहि ड्रम असतात. त्यांतील नवे लायनर ड्रमच्या जवळ आणून ठेवले नाहींत, तर पेडलाची निम्मी धांव तें अंतर तोडण्यांतच संपते.

तिसरी साक्ष फार गंभीर. पाय एकसारखा दाबून धरला असतां पेडल हळूहळू जमिनीकडे बुडूं लागलें, तर कोठें तरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरची रबरी वाटी फाटली आहे. ती नेमकी दुरुस्तीच्या दिवशीं कां फाटावी? जुन्या सिलिंडरांत रोजच्या वापराच्या पलीकडच्या भागांत गंज व गाळ सांचलेला असतो. हवा काढतांना मदतनीस पेडल थेट तळापर्यंत रेटतो, आणि वाटी त्या खरबरीत भागावरून घासली जाते. पेडलाखालीं लांकडाचा ठोकळा ठेवला, तर हा प्रसंग टळतो. पेडल बुडत असतांना गाडी हलवूंच नये.

आतां उलट प्रकार. पेडल घट्ट, किंबहुना लांकडासारखें, आणि गाडी मात्र थांबत नाहीं. येथें प्रथम बूस्टर पाहावा. एंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें, मग दाबून धरूनच एंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर जिवंत आहे. मुळींच हललें नाहीं तर त्याची निर्वात नळी निसटलेली वा फुटलेली असावी. विजेच्या गाड्यांत निराळी योजना असल्यानें ही परीक्षा त्यांना लागू नाहीं. बूस्टर ठीक असेल तर दोष घर्षणाचा. नव्या चकतीला गंज लागूं नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो पुसल्यावांचून पॅड बसविले, कीं तेल पॅडांत मुरतें. असे पॅड धुऊन कामास येत नाहींत. दोन्ही बाजूंचे नवेच घ्यावे. गाडी एकीकडे ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर अडकतो आहे काय तें पाहावें. ब्रेक लावतांना पेडल पायाखालीं थरथरत असेल तर चकतीच्या पाठीमागें गंजाची खपली राहिली आहे काय तें.

आमची गाडी कॅलिपर बदलल्यावरहि जराशी उशिरांच थांबत होती. पेडल घट्ट, बूस्टर ठीक, चकत्या पुसलेल्या. मिस्त्री पुन्हां म्हणाला, "बसेल," आणि या वेळीं तो अगदीं बरोबर होता. नवा पॅड आणि नवी चकती यांचीं तोंडें एकमेकांना मिळावीं लागतात. पहांटे मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशीं पन्नास किलोमीटरांवरून दहांपर्यंत वेग मध्यम दाबानें उतरविला. असें आठ-दहा वेळां, आणि दर वेळीं मध्यें अर्धा किलोमीटर ब्रेक थंड होऊं दिले. गाडीच्या पुस्तिकेंत निराळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. मात्र याच्याहि आधीं, गाडी जागची हलविण्यापूर्वीं, पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्यावें. पॅड बसवितांना दट्टे मागें सारलेले असतात, त्यामुळें पहिलें पेडल पोकळ जातें. फाटकाच्या भिंतीवर गाडी आदळते ती बहुधा याच कारणानें.

घाटासाठीं एक गोष्ट उरते. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरलेल्या ऑइलासाठीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून तें उकळलें कीं वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, आणि गॅरेजांत घट्ट असलेलें पेडल अर्ध्या घाटांत मऊ पडतें. आम्हीं ऑइल समूळ बदलून घेतलें आणि ताम्हिणी दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों. ब्रेक उत्तम लागत होते. आईनें मात्र माणगांव येईपर्यंत पुढच्या आसनाची पाठ सोडली नाहीं.