नित्यजपाचा हिशेब



नाशिकजवळच्या टाकळीस समर्थांनी बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप केला, असे परंपरा सांगते. तो आकडा ऐकून आपण प्रपंची माणसे हात जोडतो आणि जपही तेथेच सोडून देतो. पण आपला हिशेब निराळा आहे. तीच तेरा अक्षरे १०८ वेळा सावकाश म्हणावयास सहासात मिनिटे पुरतात. रोज एक माळ धरली, तरी वर्षाकाठी ३९,४२० आवृत्त्या होतात.

मग अडते कोठे? आपण चित्त लागण्याची वाट पाहत बसतो. चित्त लागल्यावर जप करावयाचा नसतो. ते लागावे म्हणून करावयाचा असतो. आरंभी वेळ आणि जागा तेवढी ठरवावी. मन पळाले, तर पुढच्या मण्याशी परत आणावे. मोठ्याने म्हणता न आले, तर ओठांतल्या ओठांत म्हणावे. उपांशु जपही जपच. मेरुमणी आला की तो ओलांडू नये, माळ फिरवून घ्यावी. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याचा हट्ट नको. तो दुसरा दिवस मात्र चुकवू नये.

माळेचा हिशेब देवाला द्यावयाचा नाही. आपल्याच चुकारपणावर आपण बसविलेला तो पहारा आहे.