झाड मेलेलं नाही, झोपलेलं आहे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त फेब्रुवारीत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या बागकामाच्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपण सगळे मला खजिनदार म्हणून ओळखता. मेंटेनन्स थकला की माझा फोन येतो, त्यामुळे आज मी माइकसमोर उभा राहिल्यावर दोघा-तिघांनी दाराकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं आहे. घाबरू नका. आज थकबाकीचा विषय नाही. आज मी एका कुंडीबद्दल बोलणार आहे. आणि माझ्या एका चुकीबद्दल.

चार वर्षांपूर्वी आपण इमारतींना बाहेरून-आतून रंग दिला, ते आठवत असेल. मे महिना होता. जिन्यातलं सामान हलवा म्हणून आपण नोटीस लावली. चपलांची कपाटं गेली, सायकली गेल्या, कुंड्या तेवढ्या राहिल्या. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या होत्या. त्यांच्या दाराबाहेर चार कुंड्या होत्या. तुळस शेजारच्यांनी आत घेतली. कोरफड आणि मनी प्लांट मी गच्चीवर नेऊन ठेवायला सांगितलं. चौथ्या कुंडीत काहीच नव्हतं. भेगाळलेली माती आणि वर काडीसारखी वाळकी पानं. मी माळीदादांना म्हटलं, "हे मेलंय. माती खताच्या खड्ड्यात टाका, कुंडी धुऊन ठेवा." तसं त्यांनी केलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काकू परत आल्या. काठी टेकत, जिना चढून. संध्याकाळी मला बोलावलं. "अहो खजिनदार, माझं जांभळं कुठंय?" मी रिकामी, स्वच्छ कुंडी पुढे केली. वर म्हटलंसुद्धा, "काकू, ते वाळून गेलं होतं." त्या थोडा वेळ कुंडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते दर उन्हाळ्यात वाळतं." एवढंच. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग शेजारणीकडून कळलं की ते रोप काकूंच्या धाकट्या बहिणीनं दिलेलं. आणि ती बहीण त्याच वर्षी, काकू मुलाकडे असतानाच गेली. काकूंना गुडघ्यामुळे शेवटचं जाताही आलं नाही.

हे मी आज त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे. त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

आता पुढचं सांगायच्या आधी हे रोप काय आहे ते सांगतो, कारण आपल्या निदान दहा-बारा गॅलऱ्यांत ते आहे. नर्सरीत त्याला कुणी पर्पल ऑक्सॅलिस म्हणतं, कुणी शॅमरॉक, कुणी फुलपाखराचं झाड. एका देठावर तीन त्रिकोणी पानं, वांग्यासारखा गडद जांभळा रंग आणि वर नाजूक फिकट गुलाबी फुलं. शॅमरॉक हे नाव आयर्लंडचं. तिकडे 17 मार्चला सेंट पॅट्रिकचा दिवस असतो, तेव्हा लोक तीन पानांची डहाळी कोटाला लावतात. पण तो खरा शॅमरॉक म्हणजे लहानसं क्लोव्हर, मेथीघासाच्या नात्यातलं. आपलं हे जांभळं रोप मूळचं ब्राझील आणि आसपासच्या देशांतलं. तीन पानं दिसली म्हणून बाजारानं नाव चिकटवलं, एवढंच.

त्याचं खरं नातं आपल्याकडच्या आंबुशीशी आहे. कुंडीत न सांगता उगवते ती, बारीक पिवळ्या फुलांची, चावली की आंबट लागणारी. लहानपणी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. कोकणातल्या मंडळींना बिंबली आणि करंबळ माहीत असतील, तीही याच कुळातली. आंबटपणा येतो तो ऑक्झॅलिक आम्लामुळे. म्हणून घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर ही कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी चव बघायच्या भानगडीत पडू नये.

पण आंबुशी आणि हे जांभळं यांत एक मोठा फरक आहे. जांभळ्याच्या मातीखाली कंद असतात. करंगळीच्या पेराएवढे, खवल्याखवल्यांचे, सुरूच्या लहान फळासारखे दिसणारे. झाडाचा सगळा संसार तिथं साठवलेला असतो. हवा मानवेनाशी झाली की झाड वरचं दुकान बंद करतं आणि खाली जाऊन पडून राहतं. आपल्या पुण्यात ती वेळ बहुतेक एप्रिल-मेमध्ये येते, पारा चाळिशीकडे सरकला की. कधी पाणी तुटलं म्हणून येते, तर कधी महिनोन् महिने फुलून झाल्यावर नुसतं दमलं म्हणून.

यात आपल्याला नवीन काही नाही, खरं तर. हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली की शेतकरी रडत बसत नाही, हळद काढायची वेळ झाली असं म्हणतो. भुईचाफा थंडीत दिसेनासा होतो आणि उन्हाळ्यात पानांच्या आधी जमिनीतून थेट फूल वर काढतो. कॅलेडियम हिवाळ्यात झोपतं, जांभळं उन्हाळ्यात. शेतात जे आपल्याला कळतं, ते कुंडीत का कळत नाही कोण जाणे. मला तरी कळलं नाही.

तर, त्या वर्षीचा जुलै. एका सकाळी माळीदादा मला हाक मारून खताच्या खड्ड्याकडे घेऊन गेले. पेरूच्या झाडाकडच्या कडेला, पालापाचोळ्यातून एक जांभळं पान वर आलं होतं. शेजारी अजून दोन, घडी घातलेल्या छत्रीसारखी. मी खुरपं घेऊन बसलो. खड्ड्यात पाणी साचलं होतं, बहुतेक कंद कुजून गेले होते. हाताला मऊ लागत होते, वास येत होता. कडेला कोरड्यात पडलेले पाच तेवढे घट्ट मिळाले. त्याच धुतलेल्या कुंडीत लावून काकूंकडे नेले. त्यांनी दार उघडलं, कुंडी बघितली, मातीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "पाणी किती ओतलंय हे! बुडवायचंय का पुन्हा?"

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. आता पुढे जे सांगतो ते सगळं ज्ञान काकूंचं, चुका माझ्या.

पहिली गोष्ट, रोजची झोप आणि मोसमाची झोप यांत गल्लत करू नका. हे झाड रोज संध्याकाळी पानं मिटतं आणि सकाळी उघडतं. पानांच्या सांध्यात पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे ती हालचाल होते. त्यात काळजीचं काही नाही. मुलांना जरूर दाखवा, त्यांना फार मजा वाटते.

दुसरी गोष्ट, झाड तहानलेलं आहे की झोपायला निघालंय हे ओळखा. पानं लोळली आणि माती कोरडी असेल, तर संध्याकाळी पाणी घाला. सकाळपर्यंत ताठ झालं, तर तहान होती. पाणी देऊनही दिवसा पानं उघडत नाहीत, एकेक करून पिवळी पडतात, नवीन कोंब आणि फुलं थांबतात, तर समजा ते निघालं. आणि देठ बुडाशी चिकट, काळे झाले असतील, मातीला वास येत असेल, तर ती झोप नाही, ती कूज आहे. अशा वेळी लगेच उपसा, घट्ट कंद निवडा, एक दिवस सावलीत वाळवा आणि कोरड्या मातीत लावा.

तिसरी गोष्ट, आणि इथं मी दुसऱ्यांदा चुकलो. काकूंनी मला दोन कंद दिले होते. माझी कुंडी छान भरली. पुढच्या मे महिन्यात पानं पडायला लागली आणि मी घाबरलो. मागच्या खेपेला मेलं समजून टाकलं होतं, आता मरू द्यायचं नाही म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, वर चमचाभर खत. पंधरा दिवसांत खाली चिखल आणि कंदांचा लगदा. काकू म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला उठवून जेवायला घालता का?"

तेव्हा नियम असा. पिवळं पडायला लागलं की आठ-दहा दिवसांत पाणी कमी करत आणा आणि मग बंद करा. हिरवी पानं कापू नका. पानांतलं उरलंसुरलं कंदात उतरू द्या. पूर्ण वाळली की हलक्या हातानं ओढली तरी निघतात. खत अजिबात नको. कुंडी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. गच्चीवर तापणाऱ्या फरशीवर नको, एसीच्या पाण्याखाली नको आणि वळवाचा पाऊस पडेल अशा कठड्यावर तर नकोच. कुंडी अगदी लहान असेल आणि झोप फार लांबली, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नुसता शिपका मारा, कंद सुकून पोचट होऊ नयेत म्हणून.

चौथी गोष्ट, किती दिवस? कधी तीन-चार आठवडे, कधी दोन-तीन महिने. झाड कॅलेंडर बघत नाही. शंका आली तर एका कडेची माती बोटानं उकरून कंद दाबून बघा. घट्ट म्हणजे जिवंत. बघून झालं की पुन्हा झाका आणि रोज उकरत बसू नका. ही सवय मलाही होती. आणि ज्यांच्या घरात थंडावा आहे, त्यांचं झाड कदाचित वर्षभर हिरवं राहील. त्याला मुद्दाम झोपवू नका.

पाचवी गोष्ट, जाग. मातीतून घडी घातलेलं पान वर दिसलं की कुंडी उजेडात आणा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. पाणी थोडं-थोडं सुरू करा. कुंडी बदलायची, कंद वेगळे करायचे, ते याच वेळी. बागेची माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट असं मिश्रण करा, तळाला भोक मोकळं हवं. सहा इंची कुंडीत पाच-सहा कंद, साधारण इंचभर खोल. चांगली पानं आली की मग महिन्याला थोडं पातळ खत. पावसाळ्यात छज्जाखाली ठेवा, पागोळीखाली नको.

झालं. एवढीच काळजी. खरं तर निम्मी काळजी म्हणजे काही न करणं, आणि तेच आपल्याला जमत नाही.

आता खजिनदार म्हणून एक सूचना, आणि हिला पैसे लागणार नाहीत. यंदा मे महिन्यात पुन्हा जिने मोकळे करायचे आहेत, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आहे. कार्यकारिणीच्या परवानगीनं मी काही पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आहेत. त्यावर लिहिलंय, "झोपलंय. टाकू नका." खाली फ्लॅट नंबर आणि पानं वाळल्याची तारीख लिहायला जागा आहे. ज्यांच्या कुंडीत कंद आहेत त्यांनी चिठ्ठी खोचावी. चिठ्ठी नसलेली कुंडीही घरच्यांना फोन केल्याशिवाय कुणी रिकामी करायची नाही. घरात कुणी नसेल, आजारपणात किंवा अडचणीत बाहेरगावी गेलं असेल, तर पहिल्यांदा फोन. मी तो फोन केला नव्हता. एक रुपयाचा खर्च नव्हता त्यात.

गेल्या पंचवीस वर्षांचे हिशेब तपासले तर सोसायटीचा एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. ही एक कुंडी मात्र माझ्या नावावर राहिली. पाच कंद परत मिळाले, पण त्या कुंडीत किती होते ते काकूंनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काकूंच्या आज तीन कुंड्या आहेत. जूनमध्ये जाग आली की त्या कंद वेगळे करणार आहेत. ज्यांना हवेत त्यांनी खालच्या नोटीस बोर्डावरच्या कागदावर नाव लिहावं. प्रत्येकी दोनच मिळतील. काकूंनी सांगितलंय, "ज्याला पाणी ओतायची घाई आहे, त्याला देऊ नका." तेव्हा माझं नाव यादीत शेवटी आहे.

चहा तयार आहे. आणि मेंटेनन्सची मुदत दहा तारखेपर्यंत आहे, ते जाता जाता सांगतो.