नवी नोकरी आणि घरचं आजारपण
कुरुंदवाडहून इचलकरंजीला, शिरोळला कामाला जाणारे पुष्कळ. समजा, नोकरी लागून दोनच महिने झालेत, आईला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलंय, आठवडाभर खाडा पडला आणि मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नका. अशा वेळी कायदा काय देतो?

खरं सांगायचं तर नव्या माणसाच्या पदरात फार काही पडत नाही. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यानं नोकरीला दिलेलं संरक्षण कामगाराच्या स्वतःच्या आजारपणापुरतंच होतं, घरच्यांच्या नव्हे. कामगार कपातीची नोटीस आणि भरपाई हवी, तर आधी वर्षभरात 240 दिवस काम भरलेलं लागतं. अमेरिकेतही 1993 पासून घरच्यांच्या गंभीर आजारपणासाठी 12 आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, पण वर्ष भरलेल्यालाच!

उपचारांचं मात्र वेगळं आहे. पगारातून ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, कापला जात असेल, तर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. विमा क्रमांक मागून घ्या. रजा तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच ठेवा. काढलंच, तरी केलेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला, तर इचलकरंजीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार नोंदवा.