तापल्यावर धडधडणारे इंजिन

सकाळी गार असताना मोटार सुरळीत सुरू होते, पहिली काही मिनिटे ती कुरकूर न करता चालतेही. इंजिन तापले, की मात्र चौकात उभ्या उभ्या ते धडधडू लागते, चढावर ओढ कमी पडते आणि पेट्रोलचा खप वाढतो. गॅरेजच्या भाषेत यास 'मिसिंग' म्हणतात. प्लग बदलले जातात, एअर फिल्टर साफ होतो, तरी धडधड कायम राहते. अशा वेळी संशयाची सुई धूर वाहून नेणाऱ्या नळीतील एका अंगठ्याएवढ्या उपकरणाकडे वळावयास हवी. ते उपकरण म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

जर्मनीच्या बॉश कंपनीने तयार केलेला हा सेन्सर १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत प्रथम आला. त्याच्या अंतरंगात झिर्कोनियाचे टोपण असते. त्याची एक बाजू धुराकडे व दुसरी बाहेरच्या हवेकडे असते. दोहोंकडील प्राणवायूच्या प्रमाणात फरक पडला, की त्यातून अल्पसा विद्युत्-दाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल अधिक झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, प्राणवायू उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. एक भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी मोटारीतील संगणक या आकड्यांवर विसंबतो. मात्र सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावाचून सेन्सर काम देत नाही. तोवर संगणक ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. गार इंजिन शहाण्यासारखे वागते आणि तापलेले बिघडते, याचा उलगडा येथे होतो.

सेन्सर बिघडून ०.१ व्होल्टवरच अडून बसला, तर संगणक पेट्रोल वाढवीतच राहतो. प्लगांवर काजळी धरते, धुराला पेट्रोलचा दर्प येतो. न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यास भाजून काढते. आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

मिस्त्री स्कॅनर लावतो, 'पी ०१७१', म्हणजे मिश्रण पातळ, असा संकेत मिळतो आणि तत्काळ नवा सेन्सर मागविला जातो. येथेच घाई होते व गिऱ्हाइकाचा खिसा हलका होतो. सेन्सर पेट्रोल मोजीत नाही, केवळ प्राणवायू मोजतो. इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरली असेल, सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला तडा जाऊन बाहेरची हवा आत शिरत असेल, किंवा एखादा प्लग ठिणगीच देत नसेल, तर प्राणवायू खरोखरच शिल्लक राहतो. सेन्सर सांगतो ते खरेच असते. शिक्षा मात्र त्याला होते.

खात्री करणे कठीण नाही. इंजिन तापवून स्कॅनरवर सेन्सरची रेषा पाहावी. निरोगी सेन्सर कमी-अधिक दाबांमध्ये सतत झोके घेतो. ॲक्सिलरेटर झटकन दाबला असता आकडा ०.८ च्या वर चढावा. हवेची बारीक नळी क्षणभर सुटी केली असता तो ०.२ च्या खाली यावा. तो लगेच चढला-उतरला, तर दोष अन्यत्र शोधावा. जागचा हलला नाही किंवा आळसावल्यासारखा सरकला, तर आधी तार, जोड व हीटरचा फ्यूज पाहावा. नंतर सेन्सरची जोडणी काढावी. संगणक पुन्हा कोष्टकाकडे वळून धडधड थांबली, तर संशय बळावला म्हणावयाचे. (काही नव्या गाड्यांत निराळ्या जातीचा, रुंद पल्ल्याचा सेन्सर असतो, त्याचे आकडे असे वाचता येत नाहीत.)

सेन्सर बदलण्यापूर्वी तो कशाने मेला, हेही पाहणे अगत्याचे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झाल्याने तो एक शत्रू गेला. तथापि गॅस्केटला फासलेली सिलिकोनची पेस्ट, जळणारे ऑईल आणि सिलिंडरात झिरपणारे कूलंट हे उरलेच आहेत. रेडिएटरची पातळी वरचेवर खाली जात असेल, तर आधी हेड गॅस्केट उघडावे व मगच नव्या सेन्सरचा खोका फोडावा.