आशा : पंडिता रमाबाईंच्या जीवनातून



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी बडोद्यासारख्या नगरात मराठी विद्येचा दिवा तेवत ठेवला. त्यांना अभिवादन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. संकटकाळी माणसाला आशा कोठून मिळते, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने पडतो. त्याचे एक उत्तर ख्रिस्ती श्रद्धेने दिले आहे. ते उत्तर सूत्ररूपाने मांडण्यापेक्षा एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात ते कसे उतरले, हे आपण पाहू. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि पुढे रमाबाईंना मातेकडून ती विद्या लाभली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडत पुराणे सांगून निर्वाह करी. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने त्याचा ग्रास घेतला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. श्लोक हजारोंनी मुखोद्गत होते. परंतु पुराणकथनाखेरीज पोट भरण्याजोगे कोणतेही काम या विद्वान घराला येत नव्हते आणि भिक्षा मागणे स्वाभिमानाला मानवत नव्हते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. तिचा संबंध पुढे येणार आहे.

रमाबाई भावासह हजारो मैल चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे पटकीने निधन झाले. चोविसाव्या वर्षी हाती उरली ती तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे नुसता ग्रंथाभ्यास नव्हता. लंडनमध्ये, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना आधार देणारे तेथील ख्रिस्ती भगिनींचे आश्रमगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांवर दया का करावयाची, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या शमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. ज्या स्त्रीशी कोणी बोलू नये, तिच्याशी ख्रिस्त बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली. मात्र त्यांनी बुद्धी कोणाच्या पायाशी ठेवली नाही. धर्मगुरूंशी आणि आपल्या शिक्षिकांशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला आणि विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य राखले. पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी लाभला आणि प्रत्यक्ष ख्रिस्ताचा अनुभव मागाहून, सुमारे आठ वर्षांनी आला.

मित्रहो, मला हा विलंब फार बोलका वाटतो. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक क्रम सांगितला आहे : क्लेशातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा. आशा या मालिकेत अखेरीस येते. आपण मात्र ती आरंभीच मागतो आणि मिळाली नाही की श्रद्धेलाच दोष देतो.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. विधवांना तेथे शिक्षण मिळू लागले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातील मान्यवर दूर झाले. विरोधकांची शंका अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही; रमाबाई आपली श्रद्धा लपवीत नव्हत्या. परंतु पूर्वस्नेही पाठ फिरवीत असता त्यांनी काम थांबविले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भुकेल्यांच्या वार्ता कानी पडताच रमाबाईंना स्वतःचे आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर या मुलींची सोय झाली आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. त्यानंतरचा दुष्काळ तर आपल्या गुजरातेतला. १८९९-१९०० चा तो ‘छप्पनिया’ येथील जुन्या घराण्यांच्या स्मृतीत आजही आहे. त्या वेळी गुजरातेतील अनाथ मुलीही केडगावी नेण्यात आल्या आणि आश्रमातील संख्या दीड हजारांपुढे गेली.

या आश्रमात केवळ प्रार्थना नव्हती. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरे, तेलघाणा, छापखाना अशी नाना कामे मुली शिकत. अंध मुलींना ब्रेलमधून वाचावयास शिकविले जाई. ज्या घराला हाताचे काम न आल्यामुळे उपासमारीने मरावे लागले, त्या घरच्या कन्येने शेकडो हातांना काम दिले. मी ‘आशा’ म्हणतो ती ही. पुढे सारे ठीक होईल हा अंदाज निराळा आणि आशा निराळी. आपण सोसलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून श्रद्धेच्या बळावर कष्टणे, हे तिचे स्वरूप आहे.

शेवटची कसोटी अधिक कठीण होती. जिला उत्तराधिकारी म्हणून घडविले, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये मातेच्या आधीच गेली. तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना ऐकू येणे कठीण झाले होते. समोर एक काम उरले होते : बायबलचा साध्या मराठीतील अनुवाद. गावच्या अल्पशिक्षित बाईलाही समजावा म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून तो हाती घेतला होता. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि छपाई करणाऱ्याही मुक्तीतील स्त्रियाच होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही लेखणी थांबली नाही. काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातील पुष्कळांचा धर्म रमाबाईंच्या धर्माहून निराळा असेल आणि कोणी तो बदलावा, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म जाणून घ्यावयाचे तर ते असे आहे : क्रूस टाळून पुनरुत्थानाकडे जाता येत नाही. रमाबाईंनी मृत्यू टाळले नाहीत, त्यांना ते टाळता येण्याजोगे नव्हतेच. पण प्रत्येक मृत्यूनंतर त्यांनी कोणाला तरी जगविले. उद्या तुमच्या घरावर संकट आले आणि प्रार्थनेला उत्तर मिळत नाही असे वाटले, तर आपल्याहून अधिक गरजवंत कोण आहे, एवढे शोधावे. बहुधा त्याच वाटेवर आशा भेटते.